म्हैस कोणी मारली?

परतवाडा मागे पडले की रस्ता घाटाला लागतो. चिखलदरा आणि धारणी हे दोन तालुके म्हणजे आपला मेळघाट. अमरावती-अकोल्याची माणसे उन्हाळ्यात थंड हवा खायला आणि पावसाळ्यात धबधबे बघायला इथे येतात, भीमकुंडाच्या कठड्याशी उभे राहून फोटो काढतात आणि संध्याकाळच्या आत घाट उतरतात. आतली कोरकू गावे सहसा कोणी पाहत नाही. त्यांतलेच एक रेट्याखेडा. ३० डिसेंबर २०२४ रोजी या गावात सत्तरी ओलांडलेल्या एका बाईला लोकांनी धरले. मुलगा आणि सून कामासाठी बाहेरगावी होते, ती घरी एकटीच होती. ती जादूटोणा करते असा संशय होता. तिला काठीने मारले, चटके दिले, मूत्र प्यायला लावले आणि गळ्यात चपलांची माळ घालून तिची धिंड काढली, असे कुटुंबीयांनी तक्रारीत म्हटले. ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती त्यांत गावचे पोलीस पाटीलही होते. मुलगा-सून परत आल्यावर प्रकरण पोलिसांकडे गेले आणि वर्तमानपत्रांतून ते सगळ्यांना कळेपर्यंत नव्या वर्षाचा जानेवारी अर्धा सरला होता.

अशी बातमी वाचली की आपण शहरातली माणसे दोन गोष्टी करतो. आधी हळहळतो, आणि मग म्हणतो, ‘अडाणी लोक हो, काय करणार!’ हे म्हणून झाले की आपल्याला बरे वाटते. ही गोष्ट आपली नव्हे, जंगलातल्या लोकांची आहे, अशी आपण स्वतःची समजूत घालतो आणि पुरवणीचे पान उलटतो.

हे पान इतक्या सहज उलटू नये, असे मला वाटते. त्यासाठीच आजचा हा लेख.

शिकलेले आणि न शिकलेले

अडाणीपणाचे उत्तर खरे असते तर पुढच्या गोष्टी घडायला नको होत्या.

जून २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळ गावी एकाच कुटुंबातले नऊ जण मृत्युमुखी पडले. दोन भावांची दोन घरे. एक भाऊ शिक्षक, दुसरा जनावरांचा डॉक्टर. आधी वाटले, कर्जाला कंटाळून सर्वांनी विष घेतले. सावकारांवर गुन्हेही दाखल झाले. पुढे तपासात पोलिसांनी सांगितले की गुप्तधन काढून देतो म्हणून पैसे घेणाऱ्या मांत्रिकानेच हे विष दिले. ऑगस्ट २०२२ मध्ये नागपूर शहरात, म्हणजे उपराजधानीत, पाच वर्षांच्या एका मुलीला बाहेरची बाधा झाली आहे असे ठरवून घरच्यांनीच मारहाण केली आणि ती मुलगी गेली. २०१६ मध्ये आपल्याच अमरावती जिल्ह्यात, धामणगाव रेल्वे तालुक्यातल्या पिंपळखुटा येथे, वसतिगृहात राहून शिकणाऱ्या एका मुलाचा गळा चिरला गेला. मूल दैवाने वाचले. नरबळीच्या प्रयत्नाचा तो गुन्हा होता. त्याआधी २०१२ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात सात वर्षांच्या एका मुलीचा बळी दिला गेला होता.

यांतली कोणतीही जागा घनदाट अरण्यात नाही. शिक्षक, डॉक्टर, शहरातले घर, शिक्षणासाठी बांधलेले वसतिगृह. तेव्हा शाळेत गेल्याने हा रोग आपोआप बरा होतो, या समजुतीत काही अर्थ नाही.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. श्रद्धा-अंधश्रद्धा बाळगणारे सगळेच हात उगारत नाहीत. तसे असते तर वऱ्हाडात एकही घर सुखाने नांदले नसते. लहान मूल किरकिर करू लागले की आजी मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढते. दुकानाच्या दाराला शनिवारी लिंबू-मिरची लागते. नव्या ट्रॅक्टरच्या पुढे काळी बाहुली लोंबते. यात पाच-दहा रुपये जातात, कोणाचे डोके फुटत नाही. आजीने दृष्ट काढली तरी तिचा कोणावर राग नसतो. ‘आल्यागेल्याची, पाप्या-चांडाळाची’ म्हणताना ती कोणाचे नाव घेत नाही.

मग ही निरुपद्रवी वाटणारी समजूत हातात काठी कधी घेते? मला वाटते, नाव घेतले जाते तेव्हा.

बँकेतला कागद आणि गावातला प्रश्न

ही गोष्ट मला पुस्तकातून कळली नाही. नोकरीतून कळली. ऐंशीच्या दशकात मी अकोला जिल्ह्यातल्या एका ग्रामीण शाखेत होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना म्हशी, शेळ्या, बैलजोड्या घ्यायला कर्ज आणि सरकारी अनुदान मिळे. म्हशीचा विमा उतरवायचा, कानात बिल्ला ठोकायचा आणि पुढे ती मेली तर तो बिल्ला, गुरांच्या डॉक्टरांचा दाखला आणि पंचनामा असे कागद जोडून दावा पाठवायचा, अशी पद्धत होती. दाव्याच्या फॉर्मवर एक रकाना असे : मृत्यूचे कारण.

पावसाळ्यात एकदा एका गावातून खबर आली की आपल्या कर्जदाराची म्हैस गेली. मोटारसायकल काढून गेलो. म्हैस गोठ्याबाहेर पडलेली, भोवती माणसे. मी सवयीप्रमाणे विचारले, ‘कशाने मेली?’

कर्जदार म्हणाला, ‘कशानं म्हंजे? केलं साहेब कोनंतरी.’

‘कोणी?’

तो गप्प बसला. पण त्याची बायको म्हणाली, ‘तेनं सांगतलं ना. उगवतीकडचं घर हाये म्हने, बाई एकटी हाये, अन् तुमच्या घरी काई मांगाले आली होती.’

‘तेनं’ म्हणजे पलीकडच्या गावचा देवऋषी. त्या आठवड्यात गावातली ही तिसरी म्हैस होती आणि दोघे जण त्याच्याकडे जाऊन आले होते. त्याने कोणाचेही नाव घेतले नव्हते, ही गोष्ट मला तेव्हा फार महत्त्वाची वाटली आणि आजही वाटते. त्याने फक्त खुणा सांगितल्या. पूर्वेकडचे घर, एकटी बाई, काहीतरी मागायला आलेली. कोणत्याही गावात, कोणत्याही गल्लीत अशी एक बाई सापडतेच. खुणांना नाव या लोकांनीच जोडले. चार दिवसांपूर्वी ताक मागायला आलेल्या एका विधवा म्हातारीला कर्जदाराच्या बायकोने परत पाठवले होते. मनात त्याची रुखरुख होतीच. ‘आपण तिला नाही म्हटले, म्हणून तिने केले,’ असा तो धागा जुळला होता. पुरुष मंडळी एकमेकांकडे ज्या नजरेने पाहत होती, ती काही चांगली नव्हती.

दाखल्यासाठी तालुक्याहून गुरांचे डॉक्टर आले. वयाने तिशीतले, बोलायला मोकळे. त्यांनी म्हशीच्या गळ्याखालची सूज दाबून पाहिली. ताप होता का, श्वास घेताना घरघर होत होती का, किती तासांत गेली, असे विचारले. आधीच्या दोन म्हशींचेही तसेच झाले होते, असे लोकांनी सांगितले. मग ते उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, ‘हा घटसर्प आहे. पावसाळ्यात येतो, एकीकडून दुसरीकडे जातो. आज लस टोचली नाही तर अजून जनावरं जातील. दावणीची सगळी गुरं घेऊन या.’

तासाभरात तिथे गुरांची रांग लागली. घोळका पांगला, कारण प्रत्येकाला आपले जनावर आणायचे होते. लसी टोचून झाल्यावर डॉक्टर सरळ उगवतीकडच्या त्या घरी गेले आणि म्हातारीच्या ओट्यावर बसून, सगळ्या गल्लीदेखत, तिच्या हातचा बिनदुधाचा चहा प्यायले. मी दाव्याच्या रकान्यात लिहिले : घटसर्प.

त्या दिवशी डॉक्टरांनी अंधश्रद्धेवर भाषण दिले नाही. देव आहे की नाही, करणी असते की नसते, हा वाद त्यांनी काढलाच नाही. गावाचा प्रश्न ‘म्हैस कोणी मारली?’ असा होता. त्यांनी तो ‘म्हैस कशाने मेली?’ असा करून दिला, लगेच उपाय हाती दिला आणि ज्या बाईवर संशय होता तिच्या ओट्यावर जाऊन बसले. तीन कामे, तासा-दोन तासांत.

माझ्याच वाट्याला का?

पुढे वाचनात आले की हा प्रश्न फक्त वऱ्हाडाचा नाही. इव्हान्स-प्रिचर्ड नावाच्या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञाने सुदानच्या दक्षिण भागातल्या अझांदे लोकांवर १९३७ मध्ये एक ग्रंथ लिहिला. त्यातले धान्याच्या कणगीचे उदाहरण फार बोलके आहे. उंच खांबांवर धान्याची कोठी असते. उन्हातून आलेली माणसे तिच्या सावलीत बसतात. एखाद्या दिवशी कोठी कोसळते आणि खाली बसलेली माणसे जखमी होतात. खांब वाळवीने खाल्ला होता, हे अझांदेंना ठाऊक असते. ते काही वेडे नव्हेत. त्यांचा प्रश्न असा, की ही माणसे बसलेली असतानाच नेमकी ती का कोसळली? वाळवीकडे याचे उत्तर नाही. मग चेटकाकडे ते शोधले जाते.

हा प्रश्न तुम्हा-आम्हाला पडत नाही का? दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेला प्रत्येक बाप मनात हेच विचारतो, ‘माझ्याच लेकराला का?’ विज्ञान त्याला ‘कसे’ ते सांगते. ‘मलाच का’ याचे उत्तर शास्त्र देत नाही, कारण पुष्कळदा तसे कारणच नसते. कारण नाही, हे दुःखी माणसाला सोसत नाही. नेमक्या त्या वेळी कोणीतरी हलक्या आवाजात म्हणतो, ‘तुम्हाला कोणी पाण्यात पाहतं का हो?’ आणि त्या दुःखाला एक चेहरा मिळतो.

चेहरा कोणाचा मिळतो, तेही ठरलेले असते. १७८२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ग्लारुस येथे आना गोल्डी या मोलकरणीचा शिरच्छेद झाला. ज्या घरी ती कामाला होती ते घर शिकलेले, प्रतिष्ठित. धनी स्वतः डॉक्टर आणि न्यायाधीश. मुलीच्या दुधात सुया सापडल्या आणि ती मोलकरणीची जादू ठरली. ग्लारुसच्या विधिमंडळाने तिला निर्दोष ठरवले ते २००८ मध्ये, सव्वादोनशे वर्षांनी. आपल्याकडेही करणी करणारी म्हणून एखाद्या बागायतदाराचे किंवा सभापतीचे नाव निघाल्याचे मी कधी ऐकले नाही. निघते ते विधवेचे, म्हातारीचे, एकटीचे, ज्याच्या मागे भावकी उभी राहणार नाही अशा माणसाचे. कधी तिच्या नावावर एक-दोन एकर जमीन असते आणि त्या जमिनीकडे कोणाचे तरी लक्ष असते. सातबारा आणि वारसाचे अर्ज हाताळण्यात उमेद गेलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही.

ज्याचे नाव नाही अशी गर्दी

दुःखी माणूस आणि खुणा सांगणारा माणूस एवढ्यावर सहसा धिंड निघत नाही. तिसरा घटक लागतो तो गावाचा होकार. २२ ऑगस्ट २०२१ रोजी चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातल्या वणी (खुर्द) येथे भानामतीच्या संशयावरून सात जणांना बांधून भर चौकात मारहाण झाली. त्यांत वयोवृद्धही होते. मे २०२४ मध्ये गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात बारसेवाडा येथे एक बाई आणि एक पुरुष यांना जिवंत जाळण्यात आले. अटक झालेल्यांत नातलगही होते. एकट्याने कोणी हे करत नाही. दहा जण मारतात, पन्नास पाहतात, आणि पाहणाऱ्यांतल्या निम्म्यांना मनातून वाटत असते की हे थांबावे. पण पहिल्याने ‘थांबा’ म्हटले तर पुढचा संशय त्याच्यावर. म्हणून सगळे उभे राहतात, आणि उभे राहणे हाच होकार ठरतो.

गुप्तधनाच्या प्रकरणांत गर्दी नसते, तिथे पैसा असतो. माझ्या पिढीला मानवतचे नाव ऐकले तरी अजून अंगावर काटा येतो. परभणी जिल्ह्यातल्या त्या गावात नोव्हेंबर १९७२ पासून वर्षभराहून जास्त काळ मुली आणि बाया मारल्या जात होत्या. मुंबईहून रमाकांत कुलकर्णी तपासाला आले. पिंपळाखालचे गुप्तधन आणि मूल होण्याची आस यांपायी हे बळी दिले गेले, असे पोलिसांचे म्हणणे होते. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. वऱ्हाडातल्या आया तेव्हा दिवेलागणीनंतर मुलींना अंगणातसुद्धा उभे राहू देत नसत.

गुप्तधनाचा नाद आपल्या भागात अजून गेलेला नाही. जुने वाडे, पडक्या गढ्या, ‘पायाळू’ माणसाला जमिनीतले दिसते ही समजूत, आणि घरावर कर्ज. अमरावतीच्या एका शाखेत मी असताना निवृत्तीला आलेले एक शिक्षक मुदत ठेव मोडायला आले. मुदत पुरी व्हायला थोडे महिने उरलेले. घरी लग्न नाही, आजारपण नाही. नियमाप्रमाणे व्याज कमी मिळेल, हे सांगितल्यावरही ते ठाम होते. पुष्कळ खोदून विचारल्यावर म्हणाले, ‘सोळा हजार पूजेला लागतात. मग हंडा वर येतो.’ त्यांना मी जमा-खर्च लिहून दाखवला : आजवर पूजेला दिलेले किती, हातात आलेले किती. पहिला आकडा चांगला मोठा होता, दुसऱ्या ठिकाणी शून्य. पुढच्या पूजेला आणखी काय लागेल असे त्याने सांगितले आहे, ते मी विचारले. ते खाली पाहत बसले. ठेव त्या दिवशी मोडली नाही. प्रत्येक पूजा फसली की मांत्रिक मागणी वाढवतो. आधी कोंबडा, मग बकरा, मग आणखी काही. कर्ज जितके मोठे तितके मागे फिरणे कठीण. म्हैसाळची बातमी वाचताना मला त्या शिक्षकांचा खाली गेलेला चेहरा आठवला.

मायेने दिलेला चटका

आता सगळ्यात अवघड भाग. आतापर्यंतच्या प्रकरणांत कोठेतरी राग, लोभ किंवा संशय होता. पण जिथे फक्त माया आहे, तिथले काय करायचे?

फेब्रुवारी २०२५ मध्ये मेळघाटातल्याच सिमोरी गावच्या बावीस दिवसांच्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने ६५ चटके दिले गेले. बाळाला श्वास घ्यायला त्रास होत होता. त्याला पुढे अमरावतीला आणावे लागले. या चटक्यांना तिकडे ‘डंबा’ म्हणतात. बाळाचे पोट फुगले, पोटावरच्या निळ्या शिरा दिसू लागल्या की त्यावर तापलेले लोखंड टेकवायचे. पूर्वी आपल्या गावांतही बिब्ब्याचे डाग देत. ज्यांच्या पोटावर तसे जुने व्रण आहेत, अशी माणसे माझ्या वयाच्या वाचकांनी पाहिली असतील. हा चटका देणारी बाई बाळाची वैरीण नसते. तिला बाळ वाचवायचे असते. पण नवजात बाळाची कातडी ती केवढी! तिच्यावर भाजल्याच्या जखमा झाल्या की त्यांतून जंतू शरीरात शिरतात. न्यूमोनिया किंवा हृदयाचा दोष असेल तर तो तसाच राहतो, आणि उपचाराचा मोलाचा वेळ निघून जातो.

इथे बाईला दोष देऊन भागत नाही. बाळ रात्री निळे पडू लागले, दवाखाना दूर आहे, पावसात नाला भरला आहे, आणि विळा घरात आहे. मग हातात काय येईल? ज्यांना हे कळले त्यांनी आधी अंतर कमी केले. डॉ. रवींद्र आणि स्मिता कोल्हे धारणी तालुक्यातल्या बैरागडला जाऊन राहिले. त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. डॉ. आशिष सातव यांनी धारणीजवळ उतावलीला दवाखाना उभा केला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. बाळाचा श्वास मोजणे, न्यूमोनिया ओळखणे, गरज पडली तर इंजेक्शन देणे, एवढेसुद्धा. ३९ गावांत हा प्रयोग झाला आणि तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. या बायांनी कोणाच्या देवाला हात लावला नाही. रात्री विळ्याऐवजी हाक मारावी असे माणूस त्यांनी शेजारच्या घरात उभे केले.

मेळघाटात भूमका आणि पडियार यांना शत्रू न मानता, त्यांनी रुग्ण आरोग्य केंद्रात पाठवावा म्हणून त्यांना सोबत घेण्याचे प्रयत्नही झाले. काही जाणकारांना हे पटत नाही. मला पटते. ज्याच्या शब्दाला गावात वजन आहे, त्याचा शब्द दवाखान्याकडे वळवता आला तर वळवावा. मात्र त्याच भूमकाने विळा तापवला तर तिथे कायदाच आला पाहिजे.

कायदा आहे, पुढे?

कायदा आपल्याकडे आहे. तो कशाची किंमत मोजून आला हे विसरू नये. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घालून हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. दाभोलकरांच्या खुनाबद्दल मे २०२४ मध्ये दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले.

हा कायदा देवपूजेच्या, वारीच्या, कीर्तनाच्या आड येत नाही. त्याच्या अनुसूचीत बारा गोष्टी आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे, चटके देणे, मलमूत्र तोंडात घालणे, हे सर्व त्यात शब्दाने लिहिले आहे. अमका माणूस करणी करतो असे सांगून भीती पसरवणे हाही गुन्हा आहे. साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणे हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. आणि गर्दीने लक्षात ठेवावे असे एक कलम त्यात आहे : मदत करणारा किंवा चिथावणी देणाराही करणाऱ्याइतकाच दोषी.

पण कायदा येतो तो बहुतेक वेळा धिंड निघून गेल्यावर. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदींत २०२२ या एका वर्षात देशभर ८५ खुनांचे कारण ‘जादूटोणा’ असे आहे. ही फक्त मेलेल्यांची मोजणी आहे. गाव सोडून गेलेल्या, बोलणे टाकलेल्या, रात्री कडी लावून जाग्या राहणाऱ्या बायांची मोजणी कोणत्याच रजिस्टरमध्ये नाही.

ज्या मातीत गाडगेबाबा झाले

आपण वऱ्हाडी माणसे गाडगेबाबांचे नाव अभिमानाने घेतो. १८७६ मध्ये अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावी जन्म, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडे बालपण, आणि डिसेंबर १९५६ मध्ये अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर देह ठेवला. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण-दारू न देता त्यांनी गोड जेवण दिले, तेव्हा भावकी रागावली होती. जत्रेतल्या बकऱ्यांच्या बळीविरुद्ध ते आयुष्यभर बोलले. त्यांची पद्धत अशी होती की ते स्वतः उत्तर देत नसत. कीर्तनात साध्या वऱ्हाडीत प्रश्न विचारत आणि उत्तर समोरच्या लोकांच्या तोंडून काढून घेत. लोक स्वतःच्याच उत्तराने अडकत, हसत आणि घरी जाताना विचार करत. मोझरीला तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत गावाच्या स्वच्छतेचा आणि आरोग्याचा विचार मांडला. या दोन्ही संतांचे फोटो वऱ्हाडातल्या घराघरांत आहेत. पण फोटोला हार घालणे आणि प्रश्न विचारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली फार सोपी आहे.

प्रश्न विचारायला आपल्याला कीर्तनकार व्हावे लागत नाही. पुढारी, पोलीस, कार्यकर्ते या सगळ्यांच्या आधी एक जागा येते, ती म्हणजे आपले घर. कोणाचेही नाव चावडीवर जाण्यापूर्वी ते चुलीजवळ, जेवताना, दवाखान्याच्या बाकावर हळूच घेतले जाते. ‘ती आली होती त्या दिवशी.’ ‘तिने मुलाला जवळ घेतलं होतं.’ ‘तिची नजर चांगली नाही.’ बोलणारे आपलेच असते, सासू असेल, काका असतील, शिकलेला पुतण्या असेल. त्या वेळी गप्प राहणे सोयीचे असते, कारण घरात आजारपण आहे आणि वाद कशाला.

त्याच वेळी घरातल्या एकाने तरी त्या बोलण्याला पुढे जाऊ देऊ नये. वडीलधाऱ्यांचा अपमान न करता, देवघराला हात न लावता, फक्त विचारावे : पोराला ताप किती आहे? किती दिवसांपासून आहे? डॉक्टर काय म्हणाले? आणि दवाखान्यात न्यायला गाडी कोण काढतो?